पटाच्या त्या टोकाला

शंकरपट पाहिलेला माणूस गोष्ट सांगायला बसला की जोड्या सुटतानाची सांगतो. दोन हलके छकडे शेजारी शेजारी उभे, चार बैल नाकपुड्या फुगवून थरथरताहेत, पुढून दोऱ्या धरणारे एकमेकांवर ओरडताहेत, आणि मग कोणीतरी हातातलं उपरणं खाली टाकतं. त्यानंतर धूळ. पाहणाऱ्याला इतकंच दिसतं, म्हणून तो इतकंच सांगतो. मी पाहणारा नव्हतो. एक हंगामभर मी छकड्यावर होतो, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांत कासरा धरून. मला सुटण्याची जागा फारशी आठवत नाही. मला दुसरं टोक आठवतं, जिथं जोडी थांबते. त्या टोकाला माझी मोठी बहीण उभी असायची. आम्ही तिला अक्का म्हणत असू.

आमचं गाव शिरपूरहून वाशीमकडे जाणाऱ्या वाटेपासून थोडं आत. घर मातीचं, पुढं सपरी म्हणजे ओसरी, मागं गुरांचा कोठा. घराच्या भिंतीला चुना नव्हता, परचे होते. वडील वाशीमच्या बाजाराला गेले की स्टेशनासमोर, कचेरीसमोर, जिथं कुठं कोणी छापील कागद वाटत असेल तिथं हात पुढं करत, आणि घरी आल्यावर ज्वारीच्या पिठाची खळ करून तो कागद भिंतीला चिकटवत. कसेल त्याची जमीन, अस्पृश्यता हा कलंक, मुलींना शिकवा, अंगात येणं हे ढोंग, दारू सोडा. मी अक्षरं त्या भिंतीवर शिकलो. शाळा नंतर आली. चुलीजवळचे परचे धुरानं आधी काळे झाले आणि दारूबंदीचे कागद नेमके तिथंच होते, म्हणून त्या विषयावर माझं ज्ञान अजूनही अर्धवट आहे. गावात वडिलांना परचेवाले बापू म्हणत. थोडा आदर, बरीच चेष्टा. पारावर कोणी बाबा-बुवा आला की बापू उठून उभे राहत आणि बोलत. माय घरात भाकर थापता थापता म्हणायची, "गेले वाटते बोलाले. आता कालवन थंडं होते अन् मंग माह्यावर राग काढतीन." भाकरीच्या थापट्यांचा तो आवाज आणि पारावरून येणारा माझ्या बाबांचा आवाज, माझ्या डोक्यात हे दोन्ही अजून एकाच तालात आहेत.

बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट अशी केली की तिच्यापुढं सगळे परचे खरे वाटावेत. त्यांनी अक्काला सासरहून परत आणलं. तिचं लग्न गावच्या पाटलांनी जुळवलेलं, त्यांच्याच सोयऱ्यांत. नवरा मारायचा. कशानं मारायचा ते मी लिहीत नाही. तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, एवढं पुरे. बाबा दिवाळीला तिला आणायला गेले, तिचा कान पाहिला आणि तिचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन निघाले. परत आल्यावर घरी न जाता आधी पारावर गेले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "मुलगी म्हणजे दावणीचं जनावर नाही. माझी मुलगी माझ्या घरी राहील." मी गर्दीत होतो. माझ्या छातीत काहीतरी मोठं झालं, ते मला अजून आठवतं. आयुष्यभर मी जे लिहीत, भांडत, सभांमधून ओरडत फिरलो, ते सगळं त्या एका संध्याकाळच्या भांडवलावर.

पाटलांना ते लागलं. सोयऱ्यांत त्यांचं तोंड खाली गेलं. पण त्यांनी आमची सावड तोडली नाही. आमच्याकडे एकच बैल असायचा, पाटलांच्या चार जोड्यांवर एक बैल सुटा उरायचा, म्हणून पेरणीला त्यांचा एक आणि आमचा एक मिळून जू भरायचं. बदल्यात आम्ही त्यांची आठवड्यातले ठरलेले दिवस कामं करायचो. अर्ध्या गावाची शेती अशीच चालायची. सावड तुटली की तुमचं वावर तुमच्या डोळ्यांसमोर पडीक राहतं. आधी पाटलांना आमची कामं हवी होती, पण पुढं काही वर्षांनी सावड टिकली त्याचं कारण वेगळं होतं. कारण होता आमचा बैल पाखऱ्या.

पाखऱ्याची माय तो जन्मला तेव्हाच मेली. अक्का तेव्हाच माहेरी आलेली. दिवसभर कोठ्यात तोंड लपवून बसायची. तिनं त्या गोऱ्ह्याला बांबूच्या नळीनं शेळीचं दूध पाजून जगवलं. तो तिच्या मागं विहिरीवर जायचा, परसात जायचा. एकदा सपरीत येऊन बाबांच्या अंगावरून ओलांडून थेट चुलीशी गेला. मायनं लाकूड उगारलं तर अक्का मध्ये पडली. "मारू नोको माय, त्याले काय कयते. त्याले वाटते आपूनबी मानूसच हाय." मोठा झाल्यावर अंगानं बारीक, पांढरा, पाय लांब. नांगराला धरला तेव्हा शेजारी पाटलांचा कवड्या, अंगावर तांबडे ठिपके असलेला दमदार बैल. पहिल्याच दिवशी दुपारी मी जू सोडायला वाकलो आणि पाखऱ्या उधळला. कवड्याला फरफटत घेऊन, रिकाम्या जुवासकट, ढेकळांतून तीरासारखा. बांधावरून अक्का भाकरी घेऊन येत होती. तो तिच्यापाशी गेला आणि थांबला. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "काहून रे, कोन लागलं तुह्या मांगं?"

पाटील शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर उभे होते. त्यांनी ते पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत त्याच वेळी शंकरपट उतरला.

पटाचा हंगाम कापूस वेचून झाल्यावर सुरू होतो. वावरं मोकळी, थंडी पडलेली, लोकांना काम कमी. एकेका गावानं पट भरवायचा आणि आसपासच्या गावांनी आपापल्या जोड्या न्यायच्या. जोडी एका घराची असली तरी हार-जीत गावाची. आमच्या गावानं कितीतरी वर्षांत एकही पट जिंकला नव्हता. त्यामुळे त्या वर्षी जोडीचा खुराक गावानं वाटून घेतला. कोणी सरकी, कोणी जवसाची ढेप, कोणी उडदाचं पीठ. आमच्या घरी तुपाचं गाडगं आलं आणि मायनं ते माझ्यासमोर आणून ठेवलं. "पाहून घे. हुंगून घे. बैलाले तूप अन् लेकराइले ठेचा. तुह्या बापाच्या एकाबी परच्यात हे लेहेलं नाई." अक्का हसली. आमच्याकडे परत आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं ते बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा.

छकड्यावर मी बसावं हे ठरलं ते मी हलका होतो म्हणून. अठरा-एकोणीस वर्षांचा, हाडांचा सापळा. बाकीचे हाकणारे हातात तुतारी ठेवत, म्हणजे टोकाला खिळा मारलेली काठी. बैलाच्या मागच्या अंगाला ती टोचत जायचं. पट संपल्यावर चांगल्या चांगल्या जोड्यांच्या पुठ्ठ्यांवरून रक्त गळत असायचं आणि लोक त्यावर हळद दाबून पुन्हा ढोल वाजवत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी तुतारी धरणार नाही. पाटील म्हणाले, "मंग काय आरती ओवाळशीन का त्याइले?" मी म्हणालो, "अक्काला टोकाला उभी करा." बाबांनी मान डोलावली. पाटलांनी थोडा विचार केला. त्यांनी बांधावरचं पाहिलेलं होतं, तेव्हा तेही कबूल झाले. आम्हा सगळ्यांचं एकमत होतं की पाखऱ्या अक्काकडे पळतो. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती.

आणि तसंच होत गेलं. अक्का शेवटच्या निशाणाच्या पुढं, बरीच पुढं, मोकळ्या जागेत एकटी उभी राहायची. अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, एक हात वर. मी कासरा सैल सोडायचो, एवढंच माझं काम. छकड्याची चाकं जमिनीला लागताहेत की नाही कळत नसे. डोळ्यांत माती, कानात नुसता वारा, आणि समोर तो हिरवा ठिपका मोठा मोठा होत येई. मग ती हाक मारायची, "होऽ बाप्पा, हो." पाखऱ्या कान पाडायचा, पाय आखडायचा आणि तिच्यापुढं येऊन उभा राहायचा. तिथं जोड्या धरायला गावोगावच्या पटांना तेच चार दांडगे गडी नेमलेले असत. दुसऱ्या जोड्या धरताना त्यांचे हात सोलून निघत. आमच्या वेळी ते तंबाखू मळत बसत. "अक्का आली म्हंजे आमची सुट्टी," असं त्यांतला एक दरवेळी म्हणायचा आणि बाकीचे दरवेळी हसायचे.

टोमणेही होते. एका पटाला शेजारच्या छकड्यावरचा हाकणारा मला म्हणाला, "काय बे, बहिनीच्या पदराले बांधून आनला का बैल?" मी रागानं काही बोलण्याआधी अक्काच म्हणाली, "तुह्या बैलाले कोनी बलावतच नाई ना भाऊ, म्हनून खिया टोचा लागते." सगळे हसले, तोही हसला. मला नवल वाटलं. जी मुलगी परक्या पुरुषासमोर मान वर करत नव्हती, ती शेकडो पुरुषांच्या मैदानात उभं राहून उलट उत्तर देत होती.

इंझोरीकडच्या पटाला आम्ही वाटेत मुक्काम करत गेलो. तिथं जिंकलो. जिंकलेल्या जोडीला ओवाळायची रीत आहे, आणि ओवाळायला नांदती सवाष्ण लागते. प्रत्येक वेळी त्या त्या गावची एखादी बाई पुढं यायची आणि अक्का आपण होऊन मागं सरायची. इंझोरीकडे ताट घेऊन एक म्हातारी आली. तिनं विचारलं, "बैल थांबवला कोनं?" लोकांनी अक्काकडे बोट केलं. म्हातारीनं ताट तिच्या हातात दिलं. "घे व बाई. ज्याच्या हातानं थांबला त्याच्याच हातानं ओवाळ." पाटील काही बोलणार होते, पण ढोल सुरू झाला. अक्कानं पाखऱ्याला ओवाळलं, कवड्याला ओवाळलं आणि मग मला. संध्याकाळी शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले, वांग्याची झणझणीत भाजी केली, आणि ती पहिल्यांदाच आम्हा सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवली. रोडगा फोडून त्यात तूप ओतताना बाबा म्हणाले, "पाहा, स्त्रीला संधी दिली तर काय होतं." अक्का म्हणाली, "बाबा, आता रोडगा थंडा नोका करू." त्या म्हातारीनं विचारलेला प्रश्न आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. आज लिहिताना तो शब्द मला टोचतो. ती म्हणाली होती, थांबवला कोणी. पळवला कोणी असं ती म्हणालीच नव्हती.

त्या महिन्याभरात अक्काचं घरातलं वागणंच बदललं. सकाळी विहिरीवरून येताना ती मोठ्यानं बोलत यायची. गावातल्या बाया तिला बैलाच्या दुखण्याबद्दल विचारायला कोठ्यात येऊन बसायच्या. एकदा ती मला म्हणाली, "गजा, पट संपल्यावर बी मले कोनी काई म्हननार नाई ना आता? राहू देतीन ना?" मी म्हणालो, कोणाची माय व्याली तुला बोलायची. तिचं तेवढ्यावर भागलं नाही. "बाबा राहू देतीन, मले मालूम हाय. म्या गावाचं इचारून राह्यली." मी सांगितलं, शेवटचा पट जिंकू दे, गाव तुला डोक्यावर घेईल.

शेवटचा पट महाशिवरात्रीच्या सुमाराचा, सगळ्यांत मोठा. तो होता अक्काच्या सासरच्या गावी. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही.

पटाच्या आधी पाटील आमच्या सपरीत येऊन बसले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बापू, या पटाले पोरगी नोको." बाबा म्हणाले, का नको? "काहून म्हंजे? सासऱ्याच्या दारासमोर, नवऱ्याच्या डोळ्यासमोर, हात वर करून उभी राहीन ते? माह्ये सोयरे हायेत ते. त्याइनं निरोप धाडला. ते मैदानात दिसली तं पट व्हनार नाई, दगडं व्हतीन." बाबा बोलू लागले. मला वाटलं आता पारावरचे बापू बोलणार. पाटलांनी त्यांना मध्येच थांबवलं, अगदी शांतपणे. "तुमचं सगळं बोलनं मले पाठ हाय. म्या फक्त एकच इचारतो. कवड्या माहा हाय. पुढच्या पेरनीले तुमाले जू पायजे का नाई?"

मी त्यांच्याकडे पाहत होतो, माय दारातून पाहत होती, कोठ्यातून अक्का ऐकत होती. बाबा म्हणाले, "एका दिवसाचाच तर प्रश्न आहे."

मी उठलो आणि म्हणालो, मी छकड्यावर बसणार नाही. पाटील हसले. "नोको बसू. माहा सालदार बसते, तुतारी घेऊन." मी पुन्हा बसलो. आणि मग पाटलांनीच ती युक्ती काढली. बैलाला काय दिसतं? लांबून लुगडं दिसतं. मग लुगडं न्या. टोकाला बांबू रोवून त्याला बांधा. बैल येतो की नाही पाहा. सगळ्यांना ते पटलं. मलाही त्यात खोट दिसली नाही, राग तेवढा आला. बाबा उठून परसात गेले आणि दोरीवर वाळत असलेलं ते हिरवं लुगडं त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं, घडी करून आणलं. अक्का कोठ्याच्या दारात आली होती. ती म्हणाली, "न्या ना. धुतलेलंच हाय. मीच तेवढी इटाळाची हाय ना?" बाबांनी मान वर केली नाही.

पटाच्या दिवशी वारा होता. आम्ही एकामागून एक जोड्या मागं टाकत शेवटच्या धावेपर्यंत पोचलो. आधीच्या धावा लहान पट्ट्यावर होत्या, तिथं जोड्या चढावर जात आणि आपोआप मंद होत. शेवटची धाव मोठ्या पट्ट्यावर, सपाट, आणि त्याच्या टोकापलीकडे थोड्या अंतरावर नाला. नाल्याच्या अलीकडे बांबू रोवलेला, त्यावर लुगडं फडफडत होतं. बाजूच्या छकड्यावर सासरच्या गावची जोडी. उपरणं पडलं. मधल्या निशाणापर्यंत ते पुढं होते. मग पाखऱ्यानं मान खाली घातली. मी काहीच केलं नव्हतं. कवड्या त्याच्यासोबत ओढला गेला आणि आम्ही त्यांच्या शेजारून निघालो, पुढं झालो, निशाण मागं पडलं. मला लोकांचा गलका ऐकू आला. आम्ही जिंकलो होतो.

समोर लुगडं मोठं होत आलं. मी नेहमीप्रमाणे वाट पाहत होतो की आता तो कान पाडेल. त्यानं कान पाडले नाहीत. मी कासरा ओढला, मग दोन्ही पाय रोवून ओढला. वेसणीतून रक्त आलेलं मला दिसलं, पण तो वेग तसाच. त्या क्षणी मला कळलं, आणि इतक्या वर्षांत ते कोणाला नीट सांगता आलेलं नाही. पाखऱ्या अक्कासाठी कधी पळतच नव्हता. पळणं त्याच्या अंगात होतं, माय नसलेल्या जनावराच्या अंगात असतं तसं. कोणी समोर असो-नसो तो पळालाच असता. नांगरापासून उधळला त्या दिवशीही तो नुसताच उधळला होता, बांधावर अक्का होती म्हणून तिथं थांबला. आम्ही सगळ्यांनी ते उलटं वाचलं. सगळं गाव, पाटील, भिंतभर छापील कागद वाचलेले बाबा आणि मी. ती त्याला पळवत नव्हती. ती त्याला थांबवत होती.

धरणारे चौघे पुढं आले, पण हंगामभर त्यांनी आमची जोडी कधी धरली नव्हती. एकाला धक्का बसून तो बाजूला पडला, बाकीचे सरले. पाखऱ्या थेट लुगड्यात शिरला. बांबू मोडला, तो ओलांडून जाताना लुगडं त्याच्या शिंगांत अडकलं आणि डोळ्यांवर आलं. आंधळा होऊन तो आणखीच जोरात पळाला. मग नाल्याची दरड. मी हवेत फेकला गेलो आणि खांद्यावर पडलो. उठून पाहिलं तर छकडा उलटा, कवड्या जुवाखाली गुडघ्यांवर, आणि पाखऱ्या एका कुशीवर. त्याचा पुढचा पाय जिथं वाकायला नको तिथं वाकलेला. तो आवाज काढत नव्हता. लुगड्याखाली त्याचा श्वास वर-खाली होत होता.

वर मैदानात ढोल वाजत होता. तो थांबला नाही. जिंकलेल्या गावाला फेटा बांधायची रीत असते. पाटील दरडीवर आले, खाली पाहिलं, कवड्याला उठवायला गडी पाठवले, आणि परत जाऊन फेटा बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. पायी, एकटी. जिथं तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं होतं, त्याच गावच्या वेशीतून, भर रस्त्यानं. मायनं अडवलं होतं, ती थांबली नव्हती. बाबा आणि मी पाखऱ्याजवळ बसून होतो. त्याच्या अंगावर कडब्याची सावली केली होती. मोडक्या पायाला काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं आणि त्याला संपवावं असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. आदल्या दिवशीचे बघे अजून येत होते. अक्का खाली उतरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं डोळा उघडला, कान पाडला. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "थांबवाले कोन होतं तिथी?"

मग त्या धरणाऱ्यांतला एक, तोच नेहमी सुट्टी म्हणणारा, हळूच म्हणाला, "तुह्यं लुगडं होतं, अक्का."

ती बसून राहिली. कोणीतरी आणलेलं पाणी ती ओंजळीनं त्याच्या ओठांना लावत होती. उन्हं कलायच्या आधी पाखऱ्या गेला. आमचा खरा हंगाम तिथं संपला, पण त्या दिवसाचं काम संपायचं होतं. पाटील आणि अक्काचा सासरा दरडीवर येऊन उभे राहिले. सासरा म्हातारा, डोक्यावर पागोटं, हातात काठी. तो रागावलेला नव्हता. तेच वाईट होतं. तो म्हणाला, "आलीच हाय आपल्या पायानं, तं घरी चाल. उगा तमाशा नोको. मानसं पाहून राह्यले." पाटील बाबांना म्हणाले, "बापू, देवानं मोका देल्ला. आता वापस नेऊ नोका. तुमच्यापाशी बैल नाई राह्यला. माह्या बैलाचा खांदा गेला. तरी म्या सावड तोडत नाई. पन पोरगी घरात ठेवून माह्यासंग सावड व्हनार नाई. सोयऱ्याइले काय सांगू म्या?"

अक्कानं पाखऱ्याचं डोकं खाली ठेवलं. उभी राहिली. अंगावरचं लुगडं झटकलं. ती पाटलांकडे पाहत नव्हती, सासऱ्याकडे पाहत नव्हती. बाबांकडे पाहत होती. म्हणाली, "बाबा, तुमी सांगा. घरी नेता का मले?"

मी ओरडलो. खांदा बांधलेला होता, तशा स्थितीत उठलो. "म्हना ना बाबा! चाल घरी म्हना! एक शब्द म्हना!" लोक आणखी जवळ आले. बाबांचा चेहरा मला तेव्हा ओळखू येत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "गजा, चूप. इतके वर्षं मी काय सांगत आलो? बाईनं आपलं आपण ठरवावं." मग तिच्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, पारावर कधी नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या मनावर आहे, बाई. तू स्वतंत्र आहेस."

अक्का हसली. ते हसू मी कोणत्याच माणसाच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही. "लगन केलं तईं तुमी ठरवलं," ती म्हणाली. "घरी आनलं तईं तुमी ठरवलं. लुगडं काढलं तईं तुमी ठरवलं. आज नेमकं माह्या मनावर आलं व्हय बाबा?"

ती उत्तराला पुरेल इतका वेळ थांबली. मग पदर डोक्यावर ओढून दरड चढून गेली. सासरा पुढं, ती मागं. गर्दीनं वाट दिली. त्यानंतर ती माहेरी कधी राहायला आली नाही. मायच्या आजारपणातसुद्धा दारात उभी राहून भेटून गेली. पुढच्या मृगात आमच्या वावरात पेरणी झाली, पाटलांच्याच जुवानं.

त्या नाल्यावरून परत येताना बाबा आणि मी रिकाम्या हातांनी चालत होतो. शिरपूरच्या देवळाचं शिखर दिसायला लागलं तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "ती स्वतःच्या मनानं गेली, गजा. कोणी धाडली नाही तिला." मी त्यांच्यापेक्षा दोन पावलं पुढं झालो आणि घरापर्यंत तसाच पुढं चालत राहिलो. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी त्यांच्याबद्दल सभांमधून चांगलं बोललो आहे, लिहिलंही आहे, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या वाटेवरचं त्यांचं वाक्य खोटं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.